रुळावर धावत जाणाऱ्या पोट्ट्यांना सॅल्यूट ठोकणं बंद करा

गिट्टीवरचा_माणूस
परवापासून तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरून राहिली. "रेल्वेच्या परवानगीची वाट पाहत बसलो असतो तर माणूस मेला असता, आमच्या गावच्या पोट्ट्यांनी दोन मिनिटात लाईनवरून उचलून आणला, अशा वाघांना सॅल्यूट." खाली फोटो. तो फोटो नीट पाहा लोकहो. मालगाडी उभी आहे, ती आणि शेजारची लाईन याच्या मधात सहा-सात पोट्टे, दोघांच्या कानाला मोबाईल, आणि एकजण वाघिणीच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्याच्या, शिडीवर चढून टॉर्च मारून राहिला, त्याच्या डोक्यावर विजेची तार. माणूस वाचला याचा मलाही आनंदच आहे. पण त्या फोटोत अजून सात जण मरू शकले असते आणि तीनशे कमेंटमध्ये एकालाही ते दिसलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसलो.

मी नऊ वर्षांपासून तालुक्याच्या बचाव पथकात आहे. पूर पाहिला, विहिरी पाहिल्या, आणि भीती वाटते ती लाईनची. पुराचं पाणी निदान दिसते. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि पाहून काहीच समजत नाही की चालू आहे का बंद. वावरातल्या मोटारीसारखं हात लावला तरच करंट बसेल असं तिथं नाही, जवळ गेलं तरी ती ओढून घेते. माणूस, बांबू, ओली दोरी, ॲल्युमिनियमची शिडी, काहीच दोन मीटरच्या आत जायला नको. पाण्याचा फवारा तर बिलकुल नाही.

आता माझं सांगतो. तीन वर्षांआधीची पावसाळ्यातली रात्र, एका गेटजवळ माणूस पडलेला, अपवर, म्हणजे मुंबईकडं जाणाऱ्या लाईनवर, कोळशाची गाडी उभी. आम्ही चौघं स्ट्रेचर घेऊन दोन लाईनच्या मधात घुसलो. वरून पाऊस, उभ्या गाडीचा हवा सोडायचा आवाज, लोकांचा कल्ला. डाऊनची, म्हणजे नागपूरकडं जाणारी, एक्सप्रेस पाठीमागून आली आणि मला ती ऐकूच आली नाही. मला दिसली ती माझी सावली. समोरच्या गिट्टीवर एकदम लांब पडली आणि भराभरा आखूड होत आली. गेटमननं कॉलर धरून मला मालगाडीच्या अंगाला दाबलं. दोन गाड्यांच्या मधात जागा किती, मीटर-दीड मीटर. स्ट्रेचरचा एक दांडा मुरगळून गेला. पेशंट अजून त्याच्यावर ठेवलेला नव्हता एवढंच नशीब.

तेव्हापासून माझा नियम: दोन्ही लाईनच्या गाड्या थांबल्या, तार बंद होऊन अर्थ झाली म्हणजे तिच्यातला उरलेला करंट जमिनीत सोडला, हे रेल्वेच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय गिट्टीवर पाय ठेवायचा नाही. कोणी कितीही ओरडो.

कास्तकार_सोयाबीनवाला
भाऊ तुमी पथकवाले हा, तुमाले नियम सुचतात. माह्या मोठ्या भावाचा पाय लाईनवर गेला तवा मी पन्नास मीटरवर वावरात डवरा हाकत होतो. पयले म्या एका स्टेशनवर फोन लावला, थिकडून सांगतलं हात लावू नका, पोलीस येऊ द्या. म्या आयकलं. चाळीस मिनिटं म्या आयकलं. रक्त गिट्टीत मुरत होतं, वर काईच दिसत नोहतं, वाटे बंद झालं. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं की एवढा उशीर काहून केला. आता तुमी मले सांगता थांबा? ज्या पोट्ट्याईनं उचलून आणला त्याईच्या पाया पडतो मी. हजार बार पडतो.

गिट्टीवरचा_माणूस
दादा तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. माझं म्हणणं पोलिसांची वाट पाहा असं नाही, गाडी थांबवा असं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कास्तकार_सोयाबीनवाला
तुमाले वेगळ्या असतीन. लाईनवर उभं रायल्यावर त्या एकच असतात. वरून रेल्वे कायद्याच्या कलम १४७ ची भेव दाखवतात की लाईनवर पाय ठेवला तर केस.

निवृत्त_चावीवाला
एकतीस वर्षं कीमन म्हणून, म्हणजे रोज पायी रूळ तपासत, लाईन चाललो, म्हणून दोघांनाही बोलतो. मूळ धागा लिहिणाऱ्यानं एक गोष्ट सरसकट करून टाकली. तार धडधाकट आहे, जखमी जमिनीवर आहे आणि तुम्ही पण जमिनीवर आहात, तर तार बंद करायची गरज नाही, गाड्या थांबल्या की पुरे. तार बंद करायची म्हणजे रेल्वेच्या कंट्रोल रूमनं तिकडून सप्लाय काढायचा, मग टीआरडीचे, म्हणजे तारा सांभाळणाऱ्या विभागाचे, लोक येऊन दोन्ही बाजूला डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करणार, कारण सप्लाय काढल्यावरही शेजारच्या लाईनच्या तारेमुळं तिच्यात करंट उतरतो. ते सगळं व्हायला वेळ लागतो, आणि साध्या पाय तुटलेल्या माणसासाठी तेवढा वेळ घालवला तर हे कास्तकार भाऊ म्हणतात तेच होईल. मात्र तार तुटून लोंबत असेल, डबे घसरले असतील किंवा कोणी वाघिणीवर चढलेला असेल तर अर्थ झाल्याशिवाय कोणाच्याही बापानं जवळ जाऊ नये.

आता गाडी कशी थांबवायची. जवळ गेट असेल तर गेटमनकडं पळा, त्याच्याकडं स्टेशन मास्तरचा सरळ फोन असतो, लाल झेंडी असते, रुळावर लावायचे फटाके असतात, चाक वरून गेलं की ते वाजतात आणि ड्रायव्हर सावध होतो. ब्रॉडगेजवर तो ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन फटाके लावतो. लोक मला विचारायचे एवढं लांब काहून. भरलेली कोळशाची गाडी पाच हजार टनाच्या आसपास असते, ड्रायव्हरला तुम्ही दिसल्यावर त्यानं ब्रेक मारून ती थांबायला किलोमीटरभर जागा लागते. तुम्ही पन्नास मीटरवरून हात हलवला तर तो फक्त हॉर्न वाजवू शकतो. गेट नसेल तर रेल्वेच्या हेल्पलाईनला १३९ लावा आणि लाईनच्या कडेच्या, रेल्वेच्या विजेच्या खांबाचा नंबर सांगा. प्रत्येक खांबावर पाटी असते, किलोमीटर आणि त्याखाली खांबाचा क्रमांक. "पाटलाच्या वावराजवळ" असं सांगितलं तर कंट्रोलमधल्या माणसाला काय समजणार. आणि दोन माणसं दोन दिशेला पाठवा, रुळाच्या बाहेरून, धुऱ्याधुऱ्यानं. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे, रात्री कोणताही उजेड असू द्या, मोबाईलचा का असेना, जोरजोरात आडवा हलवायचा. ड्रायव्हरला हे शिकवलेलं असते, तो थांबवतोच.

रात्रपाळी_डॉक्टर
चावीवाले काकांनी जे लिहिलं ते प्रत्येक पोलीस पाटलाला पाठ पाहिजे. मी १०८ वर पाच वर्षं डॉक्टर होते. कास्तकार दादा, पाय तुटला तर पहिल्यांदा दुपट्टा नाही तर शेला घेऊन जखमेच्या वर मांडीला करकचून आवळायचा, रक्त थांबेपर्यंत, मग दहा वाजले असतील तर दहा वाजले असं कपाळावर पेननं लिहायचं. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि एकानं दोन्हीकडं नजर ठेवली तर जखमीला रुळाच्या बाजूला ओढायला दहा सेकंद. पण मला खरं दुखणं सांगू द्या. गाडी थांबेल, तार बंद होईल, मी कुठून येऊ? आमच्या रस्त्यावरचं गेट काढलं आणि खाली अंडरपास दिला. जुलैपासून दिवाळीपर्यंत त्यात कंबरभर पाणी. मला सतरा किलोमीटरचा फेरा घालून यावं लागायचं, आणि दोनदा पेशंट तेवढ्यात गेला.

धोत्रा_ते_नागपूर
अंडरपासचा विषय निघालाच तर!! आमच्याइथं पंप बसवला आहे, चालवायला माणूस नाही. काळी माती, दोन्हीकडच्या वावरातलं पाणी त्यातच उतरते, ज्यानं नकाशा काढला त्यानं पावसाळ्यात येऊन पाहिलंच नसेल. मागच्या वर्षी सोयाबीनचे पोते घेऊन ट्रॅक्टर बुडाला, बाविस पोते गेले, भरपाई शून्य.

वर्धेकर
बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर किती ट्रॅक्टर, किती स्कूलगाड्या कापल्या गेल्या ते विसरले का सगळे? ३१ जानेवारी २०१९ ला ब्रॉडगेजवरचं शेवटचं बिनफाटकाचं क्रॉसिंग बंद झालं आणि ते चांगलंच झालं. गाड्या आता लांब होऊन राहिल्या, १५ ऑगस्ट २०२२ ला आपल्याच बाजूला कोरब्यावरून राजनांदगावला साडेतीन किलोमीटरची कोळशाची गाडी चालवली होती, सुपर वासुकी, २७ हजार टन. अशी गाडी गेटवर उभी राहिली तर तुमची ॲम्ब्युलन्स काय करणार? पाण्याचा निचरा ग्रामपंचायतीनं पण पाहावा.

धोत्रा_ते_नागपूर
ग्रामपंचायतीनं? वर्धेकर तुम्ही कधी बाजेवर बाळंतीण घेऊन लाईन ओलांडली का? आम्ही ओलांडली. माझी वहिनी. अंडरपासमध्ये पाणी, म्हणून चौघांनी बाज उचलली आणि वरून रुळावरून. मधात आलो तेव्हा सिग्नल हिरवा झाला. तिला बाजेवरून तो दिसत होता, ती म्हणे भाऊजी हिरवा झाला, हिरवा झाला. तुम्ही म्हणता निचरा ग्रामपंचायतीनं पाहावा. शहरात बसून बोलणं सोपं आहे.

वर्धेकर
मी शहरात बसलेलो नाही, माझा चुलतभाऊ अशाच बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर फटफटीसकट गेला. तुम्हाला एकट्यालाच घर आहे असं समजू नका.

धोत्रा_ते_नागपूर
मग तर तुम्हाला समजायला पाहिजे. गेट काढा, कोणी नाही म्हणत नाही, पण वरून पूल द्या. खड्डा खोदून त्याला रस्ता म्हणू नका.

अचलपूरचा_नातू
तुमच्याकडं लाईन आहे म्हणून भांडता तरी. आमची शकुंतला, अचलपूर-मूर्तिजापूरची छोटी गाडी, बंद पडली, मूर्तिजापूरला जायला आम्ही बसच्या टपावर.

नगरपरिषद_फायर
अंडरपास आणि शकुंतला वेगळ्या धाग्यात घ्या राव, इथं जीव जाणारी गोष्ट चालू आहे. २३ ऑक्टोबर २०२२ आठवते का, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मालखेड आणि टिमटाळ्याच्या मधात कोळशाच्या वीस वाघिणी घसरल्या, दोन्ही लाईन बंद. कोळसा होता म्हणून निभावलं. त्याच लाईनवरून पेट्रोल-डिझेलच्या टँक वाघिणी रोज जातात, तिकडं अकोल्याजवळ गायगावला डेपोच आहे. वाघिणीवर पाटी असते, त्यावर चार आकडी नंबर, १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. जवळ जाऊ नका, लांबूनच मोबाईलनं फोटो काढून मोठा करून पाहा आणि फोनवर तो नंबर आधी सांगा, आम्ही फोम घेऊन निघायचं का साधं पाणी ते त्यावर ठरते. आणि कॅन घेऊन गळणारं पेट्रोल भरायला धावणाऱ्यांना गावानंच अडवलं पाहिजे, आमच्या दोन गाड्यांना ते जमत नाही.

वर्धेकर
शेजारच्या लाईनचं मूळ धाग्यात लिहिलं ते मात्र शंभर टक्के. २२ जानेवारी २०२५, परधाडे, पाचोऱ्याजवळ. आगीची अफवा उठली म्हणून लोक पुष्पक एक्सप्रेसमधून खाली उतरले आणि दुसऱ्या लाईनवरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली बारा-तेरा जण गेले. आग नव्हतीच.

कास्तकार_सोयाबीनवाला
थे प्रवासी होते. मदत करणारे नोहते. कायची तुलना कायले करता.

गिट्टीवरचा_माणूस
दादा, येणाऱ्या गाडीला काय समजते कोण प्रवासी आणि कोण मदत करणारा?

कास्तकार_सोयाबीनवाला
तुमी मले शिकवू नका. तुमाले स्ट्रेचरचा दांडा गेला, माहा भाऊ गेला.

निवृत्त_चावीवाला
दोघंही थांबा. कास्तकार भाऊ, तुम्ही त्या दिवशी आयकलं यात तुमची चूक नाही, ज्यानं सांगितलं त्यानं त्याच वेळी दोन्ही बाजूच्या गाड्या थांबवून तुम्हाला "ओढून बाजूला घ्या" म्हणायला पाहिजे होतं. मी लाईनवर माझ्या गँगची दोन माणसं गमावली, दोन्ही वेळा तेच, एका लाईनवरून गाडी आली म्हणून दुसऱ्या लाईनवर सरकले आणि तिकडूनही आली. त्यातला एक माझ्याकडं पाहून हसत होता, हातात हातोडा. गाडीच्या आवाजात गाडीचा आवाज आयकू येत नाही, हे मी तीस वर्षं सांगतो आहे.

गिट्टीवरचा_माणूस
काका, अर्थ होईपर्यंत पाय नाही हे मी सरसकट लिहिलं ते चुकलं, मागे घेतो. तार तुटली, डबे पडले, कोणी वर चढला तरच ते. गाड्या थांबवण्याबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. आणि तो शिडीवर चढलेला पोट्टा माझ्या गावचा असता तर मी त्याला सॅल्यूट नाही, दोन लावल्या असत्या.

रात्रपाळी_डॉक्टर
लावू नका, त्याला शिकवा. तो धावून तर आला. आपल्या इथं बरेच जण मोबाईल काढून उभे राहतात.

कास्तकार_सोयाबीनवाला
आज सकाळी वावरात गेल्तो. माह्या धुऱ्यामांगच्या खांबावर ७१८ अन् खाली १४ लिवलं हाय. एवढ्या वर्साचा थो खांब तिथं उभा हाय, म्या त्याले बैल बांधले, पण पाटी कधी वाचली नोहती. मोटारीच्या पेटीच्या आतून खडूनं लिवून ठेवलं, १३९ पण लिवलं. पटलं म्हणून नाई, लिवून ठेवलं. पण वावराकडची लाईन अप का डाऊन थे कसं सांगाव?

निवृत्त_चावीवाला
पहिले बैल त्या खांबाला बांधणं बंद करा भाऊ. जिच्यावरून मुंबईकडं गाड्या जातात ती अप, नागपूरकडं जातात ती डाऊन, दोन दिवस पाहिलं की समजेल. पण फोनवर त्यात वेळ घालवू नका. "सातशे अठरा बटे चौदा, माणूस पडला, दोन्ही लाईन थांबवा." एवढंच म्हणा, आणि तिकडून तो नंबर परत म्हणून दाखवेपर्यंत फोन ठेवू नका.