नोटगेल्ड (आणीबाणीचा पैसा): पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-ऑस्ट्रियातल्या गावनोटा कशा ओळखाव्यात?

प्रश्न (सुटेपैसे)
तीन नोटा आहेत. 50 फेनिग (1921, अगदी कोरी करकरीत), 20 हेलर (1920) आणि ‘20 मिलियार्डेन मार्क’ (1923, मागची बाजू रिकामी). पहिली नकली असेल का? तिसरी सर्वांत मौल्यवान धरायची का?

उत्तर (जुनाकागद)
हेलर म्हणजे ऑस्ट्रियाचे सुटे पैसे. युद्धात तांबं-निकेल दारूगोळ्याकडे गेलं, चांदी लोकांनी दडवली, सुट्या पैशांची टंचाई झाली. 1920 मध्ये तिथल्या लहान खेड्यांनीसुद्धा 10, 20, 50 हेलरच्या नोटा काढल्या.

फेनिग म्हणजे जर्मन मार्काचा शंभरावा भाग. 1921 ची फेनिगची नोट रंगीत असेल तर बहुधा संग्राहकांसाठी काढलेल्या मालिकेतली. हामेल्न या जर्मन गावाने तर आपल्या पुंगीवाल्याची गोष्टच नोटांवर छापली. ‘ग्युल्टिग बिस’ (म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत वैध’) या शब्दांपुढे मुदत शोधा. मुदतीत जी नोट परत आली नाही, तिचे पैसे गावाच्या तिजोरीत राहिले. त्यामुळे कोरेपणावरून नोट नकली ठरवू नका. जुलै 1922 च्या जर्मन कायद्याने संग्राहकांसाठीचा हा प्रकार बंद केला.

उत्तर (शून्यमोजणी)
तिसरी 1923 च्या भयंकर महागाईतली, तिच्यावरचे आकडे जपून वाचा. मिलियोन म्हणजे 10 लाख, मिलियार्डे म्हणजे 1 अब्ज, पण जर्मन ‘बिलियोन’ म्हणजे 1 लाख कोटी. इंग्रजी बिलियन समजलात तर हजारपटीने चुकाल. नोव्हेंबर 1923 मध्ये रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, 1 रेंटेनमार्क म्हणजे 1 लाख कोटी जुने कागदी मार्क. त्या हिशेबाने तुमचे 20 अब्ज म्हणजे 2 फेनिग! आज किंमत ठरते ती गाव, दुर्मिळता आणि अवस्था यांवर. एका बाजूची छपाई घाईपोटी, तो दोष नव्हे.

उत्तर (कोरडंकपाट)
तपासायला अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर संशय घ्या, कारण कागद उजळवणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. मात्र डिटर्जंटने धुतलेली अस्सल नोटही चमकते, म्हणून 10 पट भिंगही लावा: विखुरलेले बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती इंकजेटची प्रत.

पीव्हीसीचा अल्बम नको, त्यातला तेलकट द्रव सुटून नोट चिकटते. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री अजिबात नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. बीलेफेल्ड या जर्मन शहराची रेशमी कापडावर छापलेली नोट मिळाली तर घडी घालू नका, घडीवर धागे तुटतात.