मदत हवी आहे: शेक्सपिअरकालीन इंग्रजी साहित्यातले खेळ आणि युद्ध

नमस्कार मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी हा विषय घेतलाय. सुरुवात अर्थातच शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ या नाटकापासून (1599). फ्रेंच युवराज हेन्रीला टेनिसचे चेंडू भेट पाठवतो, म्हणजे ‘पोरा, तू खेळत बस’. हेन्री उलट बजावतो की याच चेंडूंचे तोफगोळे होतील. पुढे अजिंकूरच्या लढाईच्या आदल्या रात्री फ्रेंच सरदार इंग्रजांना पणाला लावून फासे टाकतात. एवढ्यावरच एक प्रकरण उभं राहतं!

दुसरं टोक थॉमस मिडलटनचं ‘अ गेम अ‍ॅट चेस’. पांढरी मोहरी इंग्लंडची, काळी स्पेनची. 1624 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सलग नऊ प्रयोग झाले आणि स्पॅनिश राजदूताच्या तक्रारीनंतर नाटक बंद पडलं. मात्र ही लढाई कारस्थानांची, रणांगणाची नव्हे. मग तिला ‘युद्ध’ म्हणावं का? मार्गदर्शक नाही म्हणतात, मला पटत नाही.

शिवाय रॉजर अ‍ॅस्कमचा धनुर्विद्येवरचा ग्रंथ ‘टॉक्सोफिलस’ (1545) नाटकांसोबत घ्यावा की प्रस्तावनेत उरकावा? पत्त्यांच्या डावातून युद्ध दाखवणारं त्या काळातलं एखादं नाटक किंवा कविता माहीत असेल तर नक्की सुचवा. बुद्धिबळ नको, ते पुरे झालंय.