पाणी नको, पुठ्ठा घ्या
पायथागोरसचा सिद्धांत दाखवायला काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवर पोकळ चौरस लावलेलं फिरतं मॉडेल करतात; त्यातलं रंगीत पाणी दोन्ही लहान चौरसांतून मोठ्यात बरोबर मावतं, पण ‘का’ ते कळत नाही, असा आक्षेप कुणीतरी घेतला, तो पटला. शिवाय ते गळतं. आमचं ऐन प्रदर्शनात गळलं, तेही परीक्षकांच्या वहीवर.

त्यापेक्षा पुठ्ठा बरा. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी मोठ्या बाजूवरच्या चौरसाचा मध्य काढायचा, त्यातून कर्णाला एक समांतर आणि एक लंब रेघ मारून कापायचं. चार सारखे तुकडे मिळतात. ते न फिरवता नुसते सरकवत कर्णावरच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत बसवले, की मधे लहान बाजूवरच्या चौरसाएवढीच खिडकी उरते. ही युक्ती १९व्या शतकातल्या लंडनच्या हेन्री पेरिगल या शेअर दलालाची. आणि ३-४-५ मापांचा त्रिकोण टाळा, काटकोनाच्या बाजू ५ आणि ७ सेंमी घ्या. नाहीतर पोरं नुसत्या चौकटी मोजत बसतात.