गाडीतला फ्रीज रात्री बंद पडतो, कुठलं पॅनेल घेऊ? (मदत हवी आहे)

मुक्ता_प
मारुती ईको गाडीच्या टपावर २०० वॅटचं सोलर आहे, तरी फ्रीज रात्री बंद पडतो. दिवसभर व्यवस्थित चालतो. रात्री अकरानंतर बीप वाजतो, बंद होतो, टक् करून परत सुरू होऊ बघतो, परत बंद. सकाळी आत सगळं कोमट. आणखी १०० वॅटचं पॅनेल टाकलं तर भागेल ना? कुठलं घेऊ तेवढंच सांगा. शनिवारी पहाटे कोकणात निघायचंय.

सह्यवारा
बॅटरी कुठली, किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता)? फ्रीज कॉम्प्रेसरचा की पेल्टिअरचा (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारा)? थेट १२ व्होल्टवर लावलाय की इन्व्हर्टरमधून? हे कळल्याशिवाय पॅनेलचं काय सांगणार?

यवतमाळकर
पेल्टिअरचा असेल तर आधी तो बदला. बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर १५-२० अंश खाली जातो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४ असतं, म्हणजे आत २५ च्या आसपास. त्यात दूध टिकत नाही. शिवाय ५०-६० वॅट अखंड खातो, दिवसाला १२०० वॅट-अवरच्या वर. कॉम्प्रेसरवाला तेवढ्याच वॅटचा असला तरी थंड झाला की थांबतो.

मुक्ता_प
कॉम्प्रेसरच आहे. ३५ लिटर, ६० वॅट. लिथियम १०० एएच, इन्व्हर्टर नाही. पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर २० अँपिअरचा. पॅनेलचं सांगा ना.

अनिरुद्ध_ठाणे
कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साधा, स्वस्त प्रकार) आहे का? असणारच. तो काढा आणि एमपीपीटी लावा, तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, २०० वॅटातले जेमतेम १४५ हाती येतात. नवीन पॅनेलच्या पैशात एमपीपीटी येईल आणि टपावर वजनही वाढणार नाही.

वायरमन
अनिरुद्ध, थंड हवेत हे बरोबर आहे. मे महिन्यात टपावरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, त्याचं १८ व्होल्ट साडेपंधरावर येतं, आणि मग एमपीपीटीचा फायदा जेमतेम १०-१५ टक्के उरतो. वाईट नाही, पण इथलं दुखणं ते नव्हे.

ताई, हिशोब बघा. ६० वॅटचा फ्रीज कोकणातल्या मेमध्ये साधारण ४० टक्के वेळ चालेल, म्हणजे दिवसाला ५५०-६०० वॅट-अवर. आडवं ठेवलेलं २०० वॅटचं पॅनेल धूळ आणि उष्णता धरूनही पाच तासांच्या चांगल्या उन्हात ६५० च्या आसपास देतं. लिथियम १०० एएच म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले ११०० तरी वापरता येतात. ऊन अजिबात नसलं तरी फ्रीज दीड दिवस चालायला हवा, आणि तुमचा अकरालाच पडतोय. म्हणजे वीज आहे, ती फ्रीजपर्यंत पोचत नाही.

दोन आकडे हवेत, दोन्ही रात्री, कॉम्प्रेसर चालू असताना. एक, मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर. दुसरा, फ्रीजच्या डिस्प्लेवर दिसणारं व्होल्टेज. वायर किती एमएमची, सिगरेट सॉकेटमधून आहे का, आणि फ्रीजचं बॅटरी प्रोटेक्शन (किती व्होल्टला बंद व्हायचं ते सेटिंग) हाय, मिडियम, लो यांपैकी कशावर आहे तेही लिहा.

रानवाट
एवढा खटाटोप कशाला? १००० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन घ्या. बॅटरी, कंट्रोलर, इन्व्हर्टर एकाच डब्यात, वायरिंगची भानगड नाही. उतरवून घरीही वापरता येतं.

वायरमन
घ्यायला हरकत नाही, पण सोलर इनपुटची मर्यादा वाचून. कित्येकांची ३० व्होल्टच्या आतच असते. १०० वॅटच्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) २२ च्या आसपास, दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली की ४४. इनपुट जळतो आणि वॉरंटीही जाते. आणि फ्रीज त्याच्या डीसी आउटपुटवरच लावा. एसीवर लावला तर आतला इन्व्हर्टर रिकामाच १०-२० वॅट खातो, म्हणजे दिवसाचे २४० ते ४८० वॅट-अवर नुसते गरम होण्यात.

कोपरगाव_सोलर
सोलरला सरकारी अनुदान आहे, घेतलंत का? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. अर्ज पोर्टलवर करायचा, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक लागतो.

सह्यवारा
ते घराच्या छतासाठी. गाडीच्या टपाला नाही मिळत.

मुक्ता_प
बॅटरीवर १३.०. फ्रीजवर ११.९. सिगरेट सॉकेट मागच्या दाराजवळ आहे, बॅटरी पुढच्या सीटखाली. वायरवर १ एमएम छापलंय. प्रोटेक्शन हायवर, दुकानातून तसंच आलं. आणि हे लवकर सुटायला हवं, कारण बाबांचं इन्सुलिन त्यात ठेवायचंय.

वायरमन
सापडलं. पाच अँपिअरला १.१ व्होल्ट पडतायत, म्हणजे वाटेत ०.२२ ओहम. साधारण अर्धा वाटा वायरचा, उरलेला सॉकेटची स्प्रिंग आणि फ्यूज होल्डरचा. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ९-१० अँपिअर ओढतो, तेव्हा दोन व्होल्टच्या वर पडतात. १३.० मधून ते गेले की १०.९. हायवर बहुतेक फ्रीज ११.१ च्या आसपास कट होतात. कट झाल्यावर लोड जातो, व्होल्टेज परत १३, म्हणून तो पुन्हा सुरू होऊ बघतो. तीच तुमची टक्‌टक्. दिवसा पॅनेल बॅटरीला १३.८ वर धरतं, तेव्हा तेवढंच पडूनही ११.७ उरतं, म्हणून दिवसा चालतो. पॅनेल वाढवून रात्रीचं काहीच बदलणार नाही.

आज रात्रीपुरतं प्रोटेक्शन मिडियमवर करा. उद्या वायर बदला:

बॅटरीपासून फ्रीजपर्यंत ६ एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. निगेटिव्हला बॉडी वापरू नका. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. लिथियम शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, फ्यूज लांब असला तर मधली वायर पेटते. पत्र्यातून जिथे वायर जाईल तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी). सिगरेट सॉकेट काढूनच टाका, त्या जागी अँडरसन किंवा एक्सटी६० कनेक्टर. लग्ज (वायरच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) क्रिंप करून, म्हणजे दाबून घ्या, पिळून टेप नको.

वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी चमकली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. जाडी तीच दिसते पण रेझिस्टन्स बराच जास्त, आणि खाऱ्या हवेत लगपाशी पांढरी भुकटी धरते.

अनिरुद्ध_ठाणे
मिडियम कशाला? हायच बरं, बॅटरी खोल उतरत नाही.

वायरमन
हाय हे स्टार्टर बॅटरीसाठी, सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून. इथे वेगळी लिथियम आहे आणि तिला स्वतःचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे.

औषधवाली
मुक्ताताई, इन्सुलिनचं आधी सांगायला हवं होतं, त्याने फ्रीजचं सेटिंगच बदलतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळून दिसायला स्वच्छ झालं तरी टोचायचं नाही. या फ्रीजच्या भिंतीच थंड होतात, त्यामुळे डिस्प्लेवर ३ असताना भिंतीला चिकटलेला बॉक्स शून्याखाली जाऊ शकतो. सेटिंग ५ वर, मोड मॅक्सऐवजी इको. इन्सुलिन प्लास्टिकच्या डब्यात, नॅपकिनमध्ये गुंडाळून, कॉम्प्रेसरच्या वरच्या उथळ कप्प्यात. तो भाग सगळ्यात कमी थंड असतो. त्या डब्यातच कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टाका. चालू असलेलं पेन फ्रीजबाहेर ठेवलं तरी चालतं, बहुतेक ब्रँड २५ किंवा ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे सांगतात. पत्रक वाचा. डॅशबोर्डवर मात्र कधीच नाही.

यवतमाळकर
पेनसाठी ओल्या मातीचं मडकं उत्तम. पाणी शिंपडत राहायचं, वीज लागत नाही.

औषधवाली
विदर्भाच्या कोरड्या हवेत छान चालतं. कोकणात मेमध्ये दमट हवेत पाणी उडतच नाही, दोन-चार अंशांचाच फरक पडतो.

दर्यावर्दी
मासळी त्याच फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर करू नका. मासळीला शून्याजवळ लागतं, इन्सुलिनला ते चालत नाही. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा चुरा मिळतो. थर्माकोलच्या पेटीत खाली चुरा, वर मासळी, वर परत चुरा, आणि तळाला भोक पाडून पाणी बाहेर काढत राहा. पाण्यात बुडालेली सुरमई लवकर मऊ पडते.

सह्यवारा
गाडी माडाखाली लावू नका. एका झावळीची सावली अर्ध्या पॅनेलवर पडली तरी उत्पादन अर्ध्याच्या खाली येतं, वर नारळ पडायची भीती वेगळीच. टपावरच्या कॅरिअरच्या दांड्याची सावलीही पॅनेलवर येत नाही ना बघा. फ्रीजच्या जाळीसमोर चार बोटं जागा मोकळी हवी, सीटखालच्या बंद पेटीत ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढतो.

गाडीवान
एवढं केलंच आहे तर छोटा एसी चालेल का यावर?

वायरमन
नाही. छोट्यात छोटा १२ व्होल्टचा एसीही ४००-५०० वॅट ओढतो, ही बॅटरी अडीच तासांत संपेल.

मुक्ता_प
६ एमएम टाकली, एक्सटी६० लावला. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १३.१, फ्रीजवर १२.९. रात्रभर बंद पडला नाही. थर्मामीटरवर किमान ३.८, कमाल ६.५. वायरमनदादा, औषधवाली, खूप आभार. आता कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार जेल दाखवतोय, तसाच ठेवू?

वायरमन
नको. लिथियमचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर चार्जिंग १४.४, फ्लोट (पूर्ण भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलाइझ (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद. कंट्रोलर काढायची वेळ आली तर आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं तर काही कंट्रोलर २४ व्होल्टची सिस्टीम समजून बसतात.