हिरवा ठिपका पुरेसा नाही

व्हीगन, म्हणजे दूधही न खाणाऱ्यांना चालेल असं चीज कसं ओळखायचं, असा प्रश्न होता. त्यावर कोणीतरी म्हटलंय, "पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, मग बिनधास्त खा." शाकाहाऱ्यांपुरतं खरं आहे ते. ठिपका नसलेल्या चीजचं मात्र सांगता येत नाही. चीजसाठी दूध साकळायला लागणारं रेनेट मुळात दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातलं. आता त्यातलं दूध साकळवणारं द्रव्य, कायमोसिन, सूक्ष्मजीवांकडूनही करून घेता येतं, अमेरिकेत त्याला १९९० मध्ये मान्यता मिळाली. पण अस्सल पार्मिजानो रेज्जानोला वासराचंच रेनेट लागतं, तसा नियमच आहे. भाच्याने इटलीहून आणलेला तुकडा आमच्या आजीने इंदूरच्या घरी कौतुकाने चाखला, पाकीट मी नंतर वाचलं. तिला अजून सांगितलेलं नाही!

मूळ प्रश्न मात्र व्हीगनचा होता, आणि तिथे हा ठिपका काही कामाचा नाही, कारण दूध त्यात चालतं. पानवाला हिरवा 'व्ही' शोधा. नुसतं 'नॉन-डेअरी' वाचून फसू नका, त्यात कधीकधी केसिन असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन.

असं चीज घरी करायचं तर काजू रात्रभर भिजवून लिंबू, मीठ, थोडं न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीचं, निष्क्रिय केलेलं यीस्ट) घालून वाटा. टोस्टवर उत्तम लागतं. तार हवी असेल तर टॅपिओका स्टार्च घालून मंद आचेवर घोटा. साबुदाणा त्याचाच, तेव्हा तो बारीक दळून चाळलात तरी काम भागतं. पिझ्झ्यावर मोझरेलाची सर येत नाही, उगाच आशा ठेवू नका.

भुट्ट्याच्या किसात (किसलेल्या मक्याच्या इंदुरी पदार्थात) मी हल्ली साध्या दुधाऐवजी नारळाचं दूध घालते. सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतला.