युबिक्विटिन लागलं म्हणजे प्रोटीन संपलंच असं नाही

बऱ्याचदा म्हटलं जातं की युबिक्विटिन (पेशीत दुसऱ्या प्रोटीनांना खुणेसारखं जोडलं जाणारं छोटं प्रोटीन) चिकटलं की प्रोटीन थेट प्रोटिअझोममध्ये (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र), खलास. आयकॅपाबी-अल्फासाठी (दाहाचे जीन चालू करणाऱ्या एनएफ-कॅपाबीला अडकवून ठेवणारं प्रोटीन) हे अगदी बरोबर, त्याच्या सेरीन 32 आणि 36 या जागांवर फॉस्फेट बसला की त्यावर के48 साखळी (48 व्या लायसिनवर एकमेकांना जोडलेली युबिक्विटिनं) चढते आणि पेशींना टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रोटीन) दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ब्लॉटवरची (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) त्याची पट्टी जवळपास गायब, मग तासाभरात परत हजर, कारण सुटलेला एनएफ-कॅपाबी स्वतःच ते नव्याने बनवायला लावतो. (आधी प्रोटिअझोम अडवणारं एमजी132 घाला, पट्टी गायब होत नाही.)

पण रिप1 (टीएनएफचा सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन) वर के63 (63 व्या लायसिनवर जोडलेली) किंवा सरळ (टोकाला टोक जोडलेली) साखळी लागते तेव्हा तुटणं वगैरे काही नाही, उलट तिच्यावर टॅक1 आणि आयकेके ही एन्झाइमं येऊन बसतात आणि सिग्नल पुढे जातो. आणि या सगळ्यात साखळ्या कापणाऱ्यांचं नावच कुणी घेतलं नाही राव! त्यातलंच एक ए20, त्याच्या जीनची एकच प्रत बिघडली तरी लहानपणापासून तोंड येणं, ताप, बेहचेटसारखं (तोंडात आणि गुप्तांगावर वारंवार फोड आणणारा दाहाचा आजार) दुखणं, हा आजार 2016 मध्ये नोंदला गेला. त्याच वर्षी ओट्युलिन, म्हणजे सरळ साखळ्या कापणारं एन्झाइम, बिघडल्याने होणारा आजारही, त्यात तान्ह्या बाळांना ताप-पुरळ, आणि टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाने फरक पडतो.