मूल रीतसर सोपवता येतं, तरी शहरात आया ते टाकून का जातात?

सायली_के: कचराकुंडीजवळ, देवळाच्या पायरीवर अर्भक सापडल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यात येतच असतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मूल सोपवायची सोय आहे ना? मग?

वॉर्ड_समुपदेशक: सोय आहे, पण गरज असलेल्या बाईपर्यंत पोचत नाही. घोडं अडतं ते पाचव्या-सहाव्या महिन्यात. घरकामाला आलेली मुलगी, हॉस्टेलवरची, बांधकामावरची. दिवस गेल्याचं उशिरा कळतं, कळलं तरी कुणाला सांगवत नाही. गर्भपाताची मुदत २० आठवडे, ठरावीक कारणांसाठी २४. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अविवाहितांनाही त्या २४ मध्ये धरलं, पण हे माहीत किती जणींना? मुदत गेली की उरतं लपवणं. तपासणी नाही, नावनोंदणी नाही, बाळंतपण न्हाणीघरात एकटीने. रक्त जातंय, बाळ रडतंय, शेजारी जागे होतील. त्या तासाभरात मूल जिथे सोपवायचं त्या बालकल्याण समितीचा पत्ता कोण शोधणार? केसपेपरवर नवऱ्याचं नाव विचारतील, याचीच आधी धास्ती.

दत्तक_प्रक्रिया: मूल बालकल्याण समितीपुढे न्यायचं, विशेष दत्तक संस्थाही त्यासाठी मदत करते. आधी समुपदेशन, मग समर्पणपत्रावर सही. अविवाहित आईची एकटीची सही पुरते, ती अल्पवयीन असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून. मन बदललं तर ६० दिवसांत मूल परत मागता येतं. घोळ होतो तो विवाहितेचा. दोघांच्या सह्या लागतात. नवरा परागंदा असेल तर मूल ‘परित्यक्त’ (टाकून दिलेलं) धरून चौकशी लागते.
आणि पोलिसांची भीती. मूल टाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. बाल न्याय कायदा मात्र म्हणतो, परित्यक्त वा समर्पित मुलाच्या चौकशीत जन्मदात्यांवर एफआयआर नको. तरी ‘अज्ञात मातेवर गुन्हा’ छापून येतंच, आणि पुढची बाई ते वाचते. आई १८च्या आतली असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं सक्तीचं, म्हणून घरचे आणखी लपवतात.

जुना_पुणेकर: जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे विधवेला गुपचूप बाळंत होता येई. आधी आडोसा, कागद नंतर. आजच्या व्यवस्थेत हा क्रम उलटा झालाय.

सायली_के: आणि बाळ सापडलंच तर?

वॉर्ड_समुपदेशक: अंघोळ घालू नका, थंडीने दगावतं. कोरड्या कपड्यात गुंडाळा, डोकं झाका, छातीशी धरा. नाळ ओढू नका, मध-दूध चाटवू नका. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ला (आपत्कालीन मदत) फोन करा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.